माझ्या डोक्यामागची बाई

पोटरीला मागून काहीतरी येऊन धडकलं आणि तिथेच टेकून राहिलं. फार जोरात नाही. ओळखीचं मोठं कुत्रं अंगाला घासून उभं राहावं तेवढंच. मी हलले नाही. डावा हात कमरेवर, उजव्या हाताची दोन बोटं गालाशी, मान थोडी वाकडी, आणि तोंडावर ते हसू ज्याला ताई टूथपेस्टचं हसू म्हणते. त्याआधी मागे काहीतरी जड पडल्याचा आवाज आला होता, मग एक बाई ओरडली होती, मग हे पोटरीला. हे सगळं मी पाठीने ऐकलं. डोळ्यांसमोर ताई होती, कॅमेऱ्यामागे अर्धी लपलेली, तिचा मोकळा डावा डोळा टक्क उघडा. तो डोळा माझ्याकडे बघत नव्हता. कधीच बघत नसतो. 'हलू नकोस,' ती दात न उघडता म्हणाली. 'अजिबात हलू नकोस. हस.' मी आणखी हसले. हसता हसता गाल दुखायला लागले तरी मला थांबता येतं असं नाही, आणि त्या दिवशी तर गालांचं स्वतःचंच काहीतरी चाललं होतं. मागची बाई एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्या परक्या देशाच्या भाषेतला. मला तो कळत नव्हता, पण असा शब्द कुठल्याही भाषेत एकाच सुरात म्हणतात. दार आतून बंद झालं की बाहेरचा माणूस म्हणतो तसा. आणि तो सूर माझ्या मानेवरच्या केसांना लागत होता. समोर कॅमेऱ्याचा आवाज चालूच. कट् कट् कट्. सुपारी कातरल्यासारखा.

माझं कामच ते आहे. रस्त्यावरच्या माणसावर सरळ कॅमेरा रोखला की तो माणूस लगेच बदलतो. कुणी पोट आत घेतं, कुणी तोंड फिरवतं, कुणी हात उगारून अंगावर येतं. म्हणून ताई मला पुढे उभी करते. बघणाऱ्याला वाटतं, प्रवासाला आलेल्या दोघी बहिणी आहेत, थोरली धाकटीचे फोटो काढतेय, चालायचंच. प्रत्यक्षात भिंग माझ्या कानावरून पलीकडे गेलेलं असतं. बाकावर भांडणारं जोडपं, कामावरून सुटलेली बाई पायातला बूट काढून बोटं चोळतेय ती, दुकानाच्या काचेत स्वतःलाच बघणारा म्हातारा. आणि मी? मी फोटोच्या कडेला एक पुसट डाग असते. कधी खांदा, कधी अर्धा कान. तो डाग ताई नंतर कापून टाकते. ती मला पडदा म्हणते. 'पडदेबाई, जरा डावीकडे सरका.' 'पडदेबाई, आज केस बांधा, भुरभुरतात.' पडद्याचा एकच नियम. मागे वळायचं नाही. पडदाच वळला तर मागच्याला कळणार की आपल्यावर नजर आहे.

खरं सांगायचं तर या कामाने माझं फार भलं केलं आहे. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे. आई म्हणायची, हिच्या घशात कुणीतरी बोळा कोंबलाय. मग ताई मला सुट्टीच्या दिवशी बाहेर न्यायला लागली, बाजारात, बसस्थानकावर, आणि भर गर्दीत म्हणायला लागली, नाच, जीभ काढ, हिरॉइन हो. आधी मी मेल्याहून मेले. मग एक दिवस लक्षात आलं की अरे, माझ्याकडे कुणीच बघत नाहीये, कॅमेरासुद्धा नाही. हे एकदा कळलं की माणूस वाटेल तसा उभा राहू शकतो. तिथून जे सुटले ते वक्तृत्व स्पर्धेत ढाल घेऊनच थांबले. आता तर वर्गात बाई म्हणतात, तू सोडून कुणीतरी बोला. त्यामुळे ताईचं वर्तमानपत्र तिला परदेशात एका परिषदेचे फोटो काढायला पाठवतंय म्हटल्यावर, आणि परिषद संपल्यावर ती स्वतःसाठी आणखी काही दिवस तिथल्या रस्त्यांवर हिंडणार म्हटल्यावर, मी हटूनच बसले. आईनेही लगेच री ओढली, एकटी नको जाऊस, हिला ने सोबत. म्हणजे मी रखवालदार. मला अंधारात जिना उतरायला भीती वाटते ती गोष्ट वेगळी.

ताईने कॅमेरा खाली घेतला तेव्हाच मी वळले. आधी दिसली ती बॅग. तपकिरी, चाकांची, दांडी वर काढलेली. उतारावरून घरंगळत येऊन माझ्या पायाला टेकली होती. तिच्यापलीकडे बंद असलेल्या बँकेच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली फरशीवर तो माणूस. मघाशी तो पायरीवर बसला होता. फोटोला उभी राहताना मीच त्याला पाहिलं होतं, राखाडी कोट, मांडीवर टोपी. आता टोपी दूर गेली होती. एक बाई त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती, तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता आणि तोच शब्द म्हणत होती, आता हळू. चपलांच्या दुकानातला माणूस फोन कानाला लावून धावत आला. मग आणखी माणसं आली, कडं झालं. ताई माझ्या शेजारी उभी होती, तिच्या गळ्यात कॅमेरा लोंबत होता आणि ती बोटं पँटला पुसत होती, ओली नसताना. दवाखान्याची गाडी आली, दोघेजण पिशव्या घेऊन पळत आले, खाली वाकले, बराच वेळ काहीतरी करत राहिले आणि मग त्यांची घाई संपली. माणसाची घाई संपते तेव्हा काय झालेलं असतं ते मला त्या दिवशी कळलं. बाई उठली. तिच्या गुडघ्यांवर मातीचे गोल होते. ती इकडे तिकडे बघायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, बॅग. मी ती ढकलत तिच्याकडे नेली. तिने दांडी धरली आणि दुसऱ्या हाताने माझा गाल धरला, तोच, दोन बोटांचा, आणि काहीतरी म्हणाली. आभार मानत होती. तिला वाटलं होतं, ती त्या माणसाजवळ होती तेवढा वेळ मी तिची बॅग सांभाळत उभी होते. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? तिची भाषा मला येत नाही. येत असती तरी काय सांगणार होते, हेही मला अजून सुचलेलं नाही.

आमची खोली धोबीखान्याच्या वर होती. खाली दिवसभर मशिनं फिरायची, त्यामुळे फरशी कोमट असायची आणि टेबलावरचा ग्लास एकटाच हळूहळू कडेकडे सरकायचा. आल्या दिवशी या ग्लासाची मला केवढी गंमत वाटली होती. त्या संध्याकाळी मी तो दोनदा मागे सरकवला, मग उचलून सरळ जमिनीवर ठेवला. ताई पलंगावर मांडी घालून लॅपटॉपमध्ये फोटो बघत होती. 'तू नको बघूस,' ती म्हणाली. म्हणून मी बघितले. पहिल्या काही फोटोंत तो माणूस पायरीवर बसलेला आहे आणि हसतोय. कुणाकडे? माझ्याकडे. कडेला माझ्या केसांचा आणि गालाचा तो डाग, आणि त्या डागाकडे बघून तो हसतोय, एखाद्याच्या नातीने उगीच नखरे करावे आणि त्याने ते बघावेत तसा. एका फोटोत तर त्याने माझी नक्कल करायला दोन बोटं गालाला लावली आहेत. मला आजोबा आठवले. आजोबा शेवटी दवाखान्यात होते तेव्हा ताई नुकती फोटो शिकत होती, तिने मला त्यांच्या पलंगाच्या कडेला बसवलं आणि म्हणाली, आजोबा, छोटीचा फोटो काढते हं. आजोबांना वाटलं खरंच छोटीचा. ते माझ्याकडे बघत राहिले, नाकात नळ्या असतानाही, मी नीट बसले आहे ना, फ्रॉक सरळ आहे ना, असे. त्या फोटोला ताईला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं, मरणाच्या दारातल्या माणसाची नजर. मरणाच्या दारात कसली, ते माझा फ्रॉक बघत होते. पण फोटोत मी नव्हते, मला कापलं होतं, त्यामुळे नजर उरली आणि फ्रॉक गेला. तेव्हा मला याचं काही वाटलं नव्हतं. उलट पुढे तोंड उघडायला लागल्यावर वर्गात सांगत फिरले होते, तो डाग मी आहे, जो दिसत नाही तो.

मग पुढचे फोटो. टोपी घसरलेली. एक हात पायरीवर, दुसरा कोटाच्या गळ्याशी. मग तो तिरका. मग खाली. ताई बटण दाबत होती आणि तो माणूस खाली जात होता, ती मागच्या फोटोवर गेली की पुन्हा वर येऊन बसत होता, पुन्हा खाली. 'थांब ना एका जागी,' मी म्हटलं. ती एका फोटोवर थांबली. मी तो फोटो विसरू शकणार नाही, कारण तो फार सुंदर होता, हे लिहायला लाज वाटते पण होता. तो फरशीवर आडवा, चेहरा आपल्याकडे, डोळे उघडे. मागे दूरवर दोन माणसं पाठमोरी निघून चाललेली. त्यांना बिचाऱ्यांना काही कळलेलंच नव्हतं अजून, पण फोटोत पाठ म्हणजे पाठ. आणि त्याचा एक हात पुढे लांब केलेला, मनगटापर्यंत दिसतो, पुढे माझ्या डोक्याचा काळा डाग सुरू होतो. ताईने कडेची रेघ बोटाने आत ओढली. डाग गेला. हात फोटोच्या कडेपाशी येऊन संपला, कुणालातरी मागत असल्यासारखा. खाली कुठल्यातरी मशिनने पाणी सोडलं.

'ताई, ती बाई कुठेय?'

'कोण बाई?'

'बॅगवाली. तिने हात धरला होता ना त्याचा.'

'आहे की.' तिने रेघ पुन्हा मागे नेली, डाग परत आला. 'तुझ्या डोक्यामागे आहे.'

मी वाकून बघितलं. खरंच होती. म्हणजे दिसत नव्हती, पण असणार. हात माझ्या केसांत शिरत होता आणि केसांच्या पलीकडे ती त्याला धरून बसली होती. पुढच्या फोटोत तिचा एक गुडघा बाहेर आला होता. त्याच्या पुढच्यात तिची पाठ, मान, सगळं. मी म्हटलं, हा घे की. ताई म्हणाली, त्यात त्याचे डोळे मिटलेत. मी म्हटलं, मग आधीचा. ती म्हणाली, त्यात गुडघा आहे नुसता, कुणाचा कशाचा कळत नाही. मग फोन वाजला. तिच्या डेस्कवरचे दादा. हे दादा म्हणजे ताईच्या ऑफिसातले, पहिलं पान लावणारे, सगळे त्यांना दादाच म्हणतात आणि ते सगळ्यांना फक्त 'हं' म्हणतात. ताईने फोटो त्यांना आधीच बघायला पाठवला होता, कापलेला. तिने फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला.

'हात,' दादा म्हणाले. 'काय हात सापडलाय तुला. बाकी राहू दे, हात बघ.'

'हं,' ताई म्हणाली. आज ती हं म्हणत होती आणि ते बोलत होते.

'नाव कळलं का त्याचं?'

'नाही.'

'नसू दे. गेला ना तो?'

'गेला.'

'आणि कुणी थांबलं होतं?'

ताईने माझ्याकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी. मला वाटतं, त्या सगळ्या प्रवासात तिने माझ्याकडे नीट बघितलं ते तेव्हाच. मग ती म्हणाली, 'फ्रेममध्ये तरी कुणी नाही.'

'होतं,' मी म्हटलं. मोठ्याने. स्पर्धेतल्या आवाजात.

'कोण बोललं?'

'बहीण आहे. टीव्ही बघतेय.'

'बरं. मग मथळा तोच घेतो. कुणीही थांबलं नाही. ठसठशीत. पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्यात. आणि ऐक, तू आलीस की तुझं कायमचं करून टाकू. किती दिवस कंत्राटावर लटकणार?' फोन बंद झाला. खोलीत टीव्ही नव्हताच.

तीन वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती. आमच्या घरात ते वाक्य जेवताना वाढलं जायचं, झालं का गं तुझं कायम? नाही गं. होईल. बाबा फक्त पाणी प्यायचे. म्हणून मला आधी आनंदच झाला, शपथ, आणि त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं, आणि दोन्ही एकाच जागी मावेनात. मी म्हटलं, 'ताई, माझं डोकं राहू दे ना फोटोत. कापू नकोस.'

'तुझं डोकं ठेवलं तर तो फोटो कशाचा, शाम्पूचा?'

मला हसू आलं. तिलाही आलं. ते हसू आम्हा दोघींना कुठे ठेवावं कळेना.

'आणि डोकं ठेवलं तरी ती दिसणार नाही, येडे.'

'पण डोक्यामागे काहीतरी आहे एवढं तरी कळेल.'

'कळणार नाही. लोक फोटोत जे आहे ते बघतात.' ती लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटून बसली. 'मी खोटं काही बोलले का? फ्रेममध्ये कुणी नाही म्हटलं. नाहीये.'

'तो बघत होता माझ्याकडे. आणि मी हसत होते.'

'तुला काय माहीत होतं मागे काय झालंय ते.'

'तुला तर दिसत होतं.'

तिने झाकणाची कड नखाने खरवडली. मग म्हणाली, 'मला वाटलं, मी जावं. पाय उचललासुद्धा. तेवढ्यात ती बाई आली, बॅग सोडून दिली तिने, धावत आली, त्याचा हात धरला. मग मला वाटलं, आहे कुणीतरी. ती होती म्हणूनच मी काढत राहिले. ती नसती तर मी कॅमेरा ठेवला असता, आईची शपथ.' आणि हे ती इतकं खरं बोलली की तिचा आवाज लहान झाला. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने मला चालायला शिकवलं आहे, सायकल शिकवली आहे, पहिल्यांदा कपड्याला डाग लागला तेव्हा आईच्या आधी तिलाच सांगितलं आहे. मला मोठं होऊन दुसरं काही व्हायचं नव्हतं, तीच व्हायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. 'आणि मग तिलाच कापलंस.'

'आगाऊपणा पुरे,' ती म्हणाली, आणि झाकण उघडून दादांना छापायचा मोठा फोटो पाठवून दिला. पाठवताना एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते. ती भरेपर्यंत आम्ही दोघी पट्टीकडे बघत होतो. ती मध्येच अडकली. मला वाटलं, आता ताई म्हणेल, जाऊ दे, आणि बंद करेल. मी काही म्हणाले नाही. बोलले असते तर ती चिडली असती. न बोलता राहिले तर कदाचित तिचं तिलाच, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. पट्टी सुटली आणि भरली. ताईने पाव काढले, मधे चीज घातलं, एक मला दिला. मी खाल्ला. भूक लागली होती. याचंही मला आश्चर्य वाटलं, की गाल दुखत असताना चावता येतं.

सकाळी ताई खिडकीच्या कठड्यावर बसून कॅमेऱ्याचं भिंग पुसत होती तेव्हा आईचा फोन आला. आधी ताईशी बोलली. शेजारच्या काकूंनी पेपर आणून दिला, बाबांनी दोन जादा घेतले, एक मामांकडे पाठवणार, वर्गातल्या कुठल्या कुठल्या मुलीच्या आईने फोन केला. ताई हो, हो, म्हणत होती, हसत होती, टूथपेस्टचं हसू. मी ते तिच्या तोंडावर पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते ओळखू यायला थोडा वेळ लागला. मग तिने फोन माझ्याकडे दिला.

'काय गं ही माणसं तिकडची,' आई म्हणाली. 'दगडाची म्हणावी का कशाची. म्हातारा माणूस हात पसरून पडलाय आणि चाललेत आपले पाठ करून. बाबांना चहा गेला नाही. कुणाला म्हणून थांबावंसं वाटलं नाही?'

'एक बाई थांबली होती,' मी म्हटलं.

'पेपरात तर लिहिलंय कुणी नाही.'

'होती आई. तिने त्याचा हात धरला होता. शेवटपर्यंत.'

'मग फोटोत कशी नाही ती?'

ताईचं फडकं थांबलं. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं, खाली मशिनं सुरू झाली, पायांखाली फरशी थरथरायला लागली.

'माझ्यामागे होती,' मी म्हटलं. 'मी मधे उभी होते.'

 आईने विचारलं, मी टीव्हीसमोर उभी राहिले की विचारते त्याच साध्या आवाजात, 'मग तू बाजूला का नाही झालीस?'

मी ताईकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती, मी काय उत्तर देते त्याची वाट बघत.